दुधीचे मुटके

आज गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये नातीसाठी दुधी-गाजराचे मुटके वाफवले आणि त्या वासाने मला गाझियाबादच्या जुन्या स्वयंपाकघरात नेलं. मुलगा निखिल तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने मुटका तोंडाला लावताच सासूबाईंनी बशी ओढली.

"पोराला गवत काय चारतेस?" म्हणत त्यांनी त्याच्या हातात क्रीमची बिस्किटं ठेवली.

"माझ्या मुलाचं मी बघेन," म्हणत मी ती हिसकावून कचऱ्यात टाकली. माझ्यावर नजर रोखून त्यांनी बशीही तिथेच रिकामी केली.

खाली स्कूलबसचा हॉर्न वाजला. निखिल दप्तर उचलून उपाशीच गेला.

इतकी वर्षं मी तो अपमान फक्त माझा समजत होते. सासूबाई जाऊनही बराच काळ झाला. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि आता स्वतःलाही नाही.