तिसऱ्या बाकावरची पर्स

राजाराम मकासरे यांना नेपरव्हिलच्या आमच्या गल्लीत सगळे काका म्हणतात. मनातल्या मनात मात्र मी त्यांना 'कोपरगाव डेपो' म्हणते. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर. रिटायर झाल्यावर छातीवरचा बिल्ला आणि तिकिटाला भोकं पाडायचा चिमटा डेपोत जमा केला, आणि २००३ च्या ऑक्टोबरात लेकीकडे आले. अंगावर नवा स्वेटर होता आणि चेहऱ्यावर गाडी चुकल्याचा भाव.

लेक रत्ना आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. हॉस्पिटलात नर्स आहे. जावई विक्रम कॉम्प्युटरवाला, रविवारी बारापर्यंत झोपतो. मला हे ठाऊक आहे कारण त्याच्या बेडरूमचे पडदे माझ्या किचनमधून दिसतात. मी बघायला जात नाही, दिसतात.

पहिला महिनाभर काका खिडकीशी बसून असायचे.

"विनीताताई," एकदा मला म्हणाले, "पाच सीटची गाडी आणि आत एकटा माणूस. सकाळपासून अशा अकरा गेल्या."

"तुम्ही मोजताय?"

"मोजावं लागत नाही हो. सवय आहे."

ग्रीन कार्ड झालेलं होतं, राहायचं की परत जायचं एवढंच ठरायचं होतं. परतीचं तिकीट सतरा एप्रिलचं. रत्ना ते तिकीट कॅन्सल करायची वाट बघत होती, आणि काका त्या तारखेची. आई गेल्यापासून बाबा पुणतांब्याला एकटे स्वयंपाक करून खातात, हे रत्नाला सहन होत नव्हतं. आणि इथे आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही, हे काकांना.

मकासरे पिढ्यान्‌पिढ्या मेथडिस्ट. रत्नाची रविवारची ड्यूटी असायची म्हणून तिनं मला गळ घातली, की मावशी, बाबांना कोपऱ्यावरच्या चर्चला तेवढं सोडा. मी सोलापूरची, आमच्या घरी सत्यनारायण, मला चर्चचं काय कळतंय? पण उपासना संपल्यावर खाली तळघरात कॉफी आणि दालचिनीचा केक असतो हे पहिल्याच रविवारी कळलं, आणि मी सोडून परत येण्याऐवजी थांबायला लागले. काकांना इंग्रजी फारसं येत नाही, भाषांतराला कुणीतरी हवं, असं मी सगळ्यांना सांगते.

त्या चर्चच्या बोर्डावर 'सगळ्यांचं स्वागत आहे' असं लिहिलंय, आणि ते खोटं नाही. दारातच चार जण हात हातात घेतात, नाव विचारतात, ते नाव लिहिलेलं लेबल छातीवर चिकटवतात. मला तर त्यांनी पहिल्याच दिवशी दोनदा वेलकम केलं, कारण मी केकसाठी दुसऱ्या दारानं परत आले होते. अडचण एकच. स्वागत व्हायचं, पण बसायला जागा व्हायची नाही. जो तो आपल्या ठरलेल्या बाकाच्या कडेला, वाटेलगत बसायचा. आतला बाक मोकळा. नवा माणूस यायचा, हसऱ्या चेहऱ्यांकडे बघून हसायचा आणि मागे भिंतीला टेकून उभा राहायचा. कुणाच्या गुडघ्यांवरून चढून जायची त्याची हिंमत नसायची आणि 'जरा सरकता का' म्हणायची त्या लोकांत पद्धत नाही.

काकांनी हे तीन रविवार सोसलं. चौथ्या रविवारी एक नवरा-बायको दोन पोरांना घेऊन ओल्या कोटांत मागे उभे राहिले, तेव्हा काका उठले. चिमटा नव्हता म्हणून खिशातली घराची किल्ली काढली, बाकाच्या कडेवर टक टक केलं आणि तळहात हलवून म्हणाले, "आत सरका. चला, आत सरका."

मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. त्या हातानं येवल्याच्या बाजारादिवशी एका गाडीत नव्वद माणसं कोंबली होती. अख्खा बाक सरकला. बँकेचा निवृत्त मॅनेजर सरकला, वकील सरकला, एक जाड बाई सरकता सरकता पलीकडच्या टोकाला भिंतीला जाऊन लागली. ते चौघं बसले. पाळकबाईंनी, म्हणजे पास्टर जॉयसनी, वेदीवरून हे बघितलं आणि पुढच्याच आठवड्यात काकांना जागा दाखवण्याचं काम देऊन टाकलं. वर एक पितळी बिल्ला दिला, 'अशर' लिहिलेला.

"परत बिल्ला मिळाला, ताई," गाडीत बसल्यावर काका म्हणाले. त्यानंतर दर शनिवारी तो बिल्ला चिंचेनं घासायचे. चिंच माझ्याकडून न्यायचे, म्हणून सांगते.

नाताळपर्यंत चर्चमधली पोरंसोरंसुद्धा काका दिसले की "चला, चला" म्हणत आपणहून सरकायला लागली. तळघरात अनोळखी लोक एकमेकांशी बोलायला लागले, कारण तासभर मांडीला मांडी लावून बसल्यावर न बोलणार कसे? रत्नानं मला हळूच विचारलं, "मावशी, तिकीट कॅन्सल करू का?" म्हटलं, थांब, इतक्यात नको. माझी जीभच काळी.

मार्चचा पहिला रविवार. बाहेर बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. हायवेवरून एक ट्रक ड्रायव्हर आला, साडेसहा फुटी, बुटांतून पाणी गळतंय. मी उभाच राहतो, म्हणाला. काकांच्या समोर उभा राहील कसा? त्यांनी त्याला मधल्या वाटेनं थेट डावीकडच्या तिसऱ्या बाकाशी नेलं. तिथे मिसेस बाउमन बसल्या होत्या. आर्लीन बाउमन, वय अठ्ठ्याहत्तर, ताठ मान, चर्चच्या पडद्यांपासून पाळकांपर्यंत सगळ्यांना शिस्त लावणाऱ्या. त्यांच्या शेजारी, वाटेलगतच्या जागेवर, त्यांची काळी पर्स ठेवलेली.

टक टक.

"ही जागा घेतलेली आहे," बाउमनबाई म्हणाल्या.

काकांनी पर्सकडे बघितलं. आता तुम्हाला सांगायला हवं, की एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी काकांनी चौतीस वर्षं युद्ध केलंय. 'जागा माणसाला, रुमालाला नाही' हे त्यांचं ब्रीद. तलाठ्याचा रुमाल त्यांनी उचललाय, फौजदाराची टोपी उचललीय. त्यांनी ती पर्स दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं उचलली, बाईंच्या मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरला बसवलं.

ड्रायव्हर काय सुंदर गायला. पण पहिलं गीत संपायच्या आत बाउमनबाई उठल्या आणि पलीकडच्या बाजूनं, सहा जणांच्या गुडघ्यांवरून, निघून गेल्या. सगळ्या चर्चनं बघितलं.

तळघरात मला कळलं. ती जागा वॉल्टरची. त्यांचे यजमान. एकतीस वर्षं तिथे बसले, गुडघा दुखायचा म्हणून पाय वाटेत सोडून. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिथे सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणूनच कुणी काकांना सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार बाउमनबाई आल्या नाहीत. मग पास्टर जॉयसनी काकांना ऑफिसात बोलावलं. फार गोड बोलल्या. तुम्ही खूप मेहनत घेतलीत, आता काही दिवस निवांत बसून उपासनेचा आनंद घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतायत?"

"तुम्हाला डेपोत बसवलंय, काका."

त्यांनी बिल्ला काढला, बाहीला पुसला आणि टेबलावर ठेवला. गाडीत म्हणाले, "रत्नाला म्हणावं, तिकीट राहू दे."

शुक्रवारी दुपारी माझ्या दारात हजर. "त्या बाईंकडे न्या मला."

"काका, इथे फोन केल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत."

"फोनवर नको म्हणाल्या, तर जायचं कसं?"

मी गाडीची किल्ली घेतली. गेलो. बाउमनबाईंनी साखळी न काढताच दार फटीइतकं उघडलं. मागे फोडणीचा वास येणारी मी, पुढे स्वेटरवर कोट, कोटावर मफलर गुंडाळलेले काका, हातात माझा चिवड्याचा डबा. माझाच.

"जय ख्रिस्त," काका म्हणाले.

दहा सेकंदांनी साखळी निघाली. बहुतेक थंडी आत येत होती म्हणून.

आत बसल्यावर काकांनी सॉरी म्हटलं, आणि मग इंग्रजी संपलं. "ताई, त्यांना सांगा. माझी बायको सुलभा. तिचं माहेर येवल्याला. माझ्याच गाडीनं जायची. एकदा तिनं चढायच्या आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. मी तो उचलून तिच्या हातात दिला आणि त्या जागी दुसऱ्याच बाईला बसवलं. सुलभा कोपरगावपासून येवल्यापर्यंत उभी होती."

मी सांगितलं. यावेळी पदरचं काही घातलं नाही, शपथ.

"स्वतःच्या बायकोला उभं ठेवलं?" बाउमनबाईंनी विचारलं.

"पाऊण तास," काका म्हणाले. 'वाइफ' आणि 'स्टँडिंग' हे शब्द काकांना बरोब्बर कळले होते.

"मग ती काय म्हणाली?"

"येवल्यात उतरताना म्हणाली, मकासरे, तुम्हाला नियम कळतात, माणूस कळत नाही. आठ दिवस माहेरून आली नाही."

"आठच?" बाउमनबाई म्हणाल्या. "मी महिनाभर आले नसते." पण चिवडा खात होत्या. डब्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढत होत्या, नाहीतर आवडते म्हणून शेवटी ठेवत होत्या, ते मला कळेना.

निघताना काकांनी मला विचारायला लावलं, ईस्टरला येणार का? "बघू," एवढंच म्हणाल्या. इथल्या 'बघू'चा अर्थ काय, हे वीस वर्षं राहूनही मला सांगता येत नाही.

ईस्टर अकरा एप्रिलला होता. काकांचं विमान शनिवारी. चर्च इतकं भरलं की मागे घडीच्या खुर्च्या मांडूनही माणसं उभी. जागा दाखवायला आता गॅरी नावाचा भला माणूस होता, तो सगळ्यांना "कुठेही बसा" असं हसत सांगायचा, त्यामुळे कुणालाच कुठे बसता येत नव्हतं. काका मात्र पाऊण तास आधी येऊन बसले होते. डावीकडे, चौथ्या बाकावर. आणि त्यांच्या पुढ्यात, तिसऱ्या बाकाच्या कडेला, दोन माणसांच्या जागेवर पसरलेला त्यांचा निळ्या चौकटीचा मोठा रुमाल.

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"काका, रुमाल?"

"गप बसा, ताई."

एक जोडपं आलं. काकांनी हात आडवा केला, "टेकन." बँक मॅनेजरचे पाहुणे आले. "टेकन." गॅरी स्वतः आला, वाकून काहीतरी समजावू लागला, माणसं उभी आहेत म्हणाला. काकांचा चेहरा घामानं भिजला. ज्या रुमालवाल्यांना ते आयुष्यभर शिव्या घालत आले, त्यांच्याच वरताण काम ते करत होते, आणि तेही भरल्या गाडीत. तरी रुमालावरचा हात हलला नाही. पहिलं गीत झालं. बाई आल्या नाहीत. वाचन झालं. मला काकांकडे बघवेना, म्हणून मी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या गीताला दार उघडलं. बाउमनबाई. जांभळी हॅट, काळी पर्स. वाटेनं ताठ चालत आल्या आणि तिसऱ्या बाकाशी थांबल्या. रुमाल बघितला. कुणाचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती, घाम पुसायला काकांकडे काही नव्हतं.

त्यांनी तो उचलला, चार घड्या घातल्या आणि काकांच्या हातात दिला. आपल्या जागेवर बसल्या. मग पर्स नेहमीच्या ठिकाणी, वाटेलगत ठेवली. काकांनी मान डोलावली, बरोबर आहे म्हणून.

बाईंनी मागे वळून बघितलं. भिंतीला टेकून एक तरुण बाई उभी होती, अंगाशी बाळ बांधलेलं. बाउमनबाईंनी गीत संपू दिलं. मग पर्स उचलून मांडीवर घेतली आणि चौथ्या बाकाकडे वळून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मिस्टर मकासरे, माणसं उभी आहेत. तुमचा बिल्ला कुठे आहे?"

वेदीवर पास्टर जॉयस लाल झाल्या. गॅरी ऑफिसकडे धावला.

पण काका बिल्ल्यासाठी थांबले नाहीत. किल्ली काढून ते केव्हाच वाटेत उभे होते. टक टक. त्या बाळवाल्या बाईला घेऊन आले, तिसऱ्या बाकाशी थांबले आणि नुसते उभे राहिले. वॉल्टरच्या जागेवर बस असं सांगायची त्यांची छाती झाली नाही.

तेव्हा बाउमनबाई स्वतःच वॉल्टरच्या जागेवर सरकल्या, आपली जागा त्या बाईला दिली आणि डाव्या हातानं बाकावरच्या बाकीच्यांना इशारा केला.

"चला," त्या म्हणाल्या.

रत्नानं तिकीट सोमवारी कॅन्सल केलं. काका अजून शनिवारी चिंच न्यायला येतात. बाउमनबाई चिवड्याचा डबा मात्र परत करत नाहीत, आणि तो माझा आहे हे दोघांनाही माहीत आहे.