फोटोतली सवाष्ण

ताराकाकींच्या घरात कुंकू न लागलेली वस्तू शोधून काढणं हे मोठं कठीण काम होतं. फ्रिजच्या दारावर स्वस्तिक, मिक्सरच्या भांड्यावर ठसठशीत बोट, विहिरीवरच्या मोटारीवर तर वर्षानुवर्षांचे थर. जावयाने मस्कतहून रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं, तर काकींनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग त्याच्यासमोर दंड उघडा केला. टीव्हीच्या रिमोटवर एवढं कुंकू साचलं होतं की आवाज वाढवायचं बटण कोणतं हे कुणालाच कळत नसे. त्यामुळे त्यांचा टीव्ही कायम एकाच आवाजात बोलायचा.

"वस्तूला मान दिला का वस्तू दगा देत नाय," असं त्या म्हणायच्या. फ्रिज मात्र दर उन्हाळ्यात दगा द्यायचा. त्याचा दोष त्यांनी कधी फ्रिजला दिला नाही. "पाडव्याला घाईत लावला व्हता, त्याला राग आला असेल," एवढंच म्हणून त्या गार पाण्यासाठी आमच्या दाराशी तांब्या घेऊन यायच्या.

२०१४ मध्ये मला तलासरीला शाळेत नोकरी लागली, नवरा डहाणूला बँकेत होता, आणि दोघांना सोयीचं म्हणून आम्ही चिखल्याला ताराकाकींच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागे त्यांची चिकूची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. सामान उतरवताना काकी ओट्यावर उभ्या राहून प्रत्येक वस्तूला कुंकू लावत होत्या. गॅसची शेगडी झाली, कपाट झालं, माझी पुस्तकांची खोकीसुद्धा झाली. मी आपली कपाळ पुढे करून उभी राहिले, तर त्यांनी झटकन हात मागे घेतला आणि कुंकवाची डबी माझ्यासमोर धरली.

"तुझा तू लाव, बाय. आरसा हाय आत."

काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. काकींचं कपाळ मोकळं होतं. माणसांच्या कपाळाला त्या बोट लावत नसत. कुणी सवाष्ण घरून निघाली की तिच्यापुढे डबी आणि आरसा धरायच्या आणि स्वतः दुसरीकडे बघायच्या. मला हे फार खटकायचं. एकदा मी म्हटलंही, "काकी, आता कोण मानतं हे?" त्या म्हणाल्या, "तू नाय मानत, ठीक हाय. पण उद्या तुझ्या नवऱ्याला साधा ताप आला तरी मना झोप येणार नाय." शेवटी एवढी भरलेली डबी, तिचं करायचं काय, म्हणून ती वस्तूंच्या वाट्याला आली, असा मी आपला अर्थ लावला होता.

बाकी बाई मुळीच बिचारी नव्हती. चिकू उतरवायला वेवजीहून बायामाणसं यायची, त्यांच्याशी त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या. माल न्यायला गुजरातेतला व्यापारी यायचा, त्याच्याशी गुजरातीत भांडायच्या. "काटो सीधो राखजो, शेठ," असं बजावून त्याच्या वजनकाट्यालाही कुंकवाचं बोट लावायच्या. मग तो भला माणूस ओशाळून दोन चिकू मागे टाकायचा. माझ्याशी मराठी. "बाजारात मराठी, पैशात गुजराती, नि वाडीत जी येईल ती," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्यांचं एकच माणूस या जगात होतं, ते म्हणजे लेक वनिता. जवळच्याच झाई गावात दिलेली, पण लग्नानंतर लगेच नवऱ्याबरोबर मस्कतला गेलेली. ती दर रविवारी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करायची. काकी पदर सारखा करून फोनसमोर बसायच्या आणि "जेवली?" हा एकच प्रश्न वेगवेगळ्या पदार्थांची नावं घालून विचारायच्या.

२०१७ च्या उन्हाळ्यात एका रविवारी वनिता पडद्यावर दिसली ती इस्पितळाच्या पांढऱ्या उशीवर. पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन लगेच करायचं होतं. "आई, तू ये ना," ती म्हणाली. "मला भीती वाटते गं."

"आले गो, आले. रडू नको. मी निघालेच," असं म्हणून काकी खरोखरच उठल्या. जणू झाईची एसटी पकडायची होती.

देव्हाऱ्याखालच्या खणातून त्यांनी लाल कापडात बांधलेलं पुडकं काढलं. वाडीचे कागद, बँकेचं पासबुक आणि पासपोर्ट. "काका जायच्या थोडा आधी काढलेला," त्या म्हणाल्या. "दोघांनी जावाचा ठरला व्हता वनूकडे. ते गेले, मग मी एकटी कशाला जाते? पण ठेवला नीट. दर लक्ष्मीपूजनाला मान दिलाय."

मी पासपोर्ट उघडला. मुदत संपली होती, त्याचं एवढं काही नव्हतं. तत्काळमध्ये अर्ज केला की काही दिवसांत नवा मिळतो, हे मला ठाऊक होतं. पण आत फोटोच्या जागी चेहराच नव्हता. खोबरेलात कालवलेलं कुंकू दर दिवाळीला तिथे लागलं होतं, वरच्या प्लॅस्टिकची कड सुटली होती आणि तेल, कुंकू, खारी हवा सगळं आत उतरलं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक लालभडक डाग, आणि खाली नंबराचे अर्धेच आकडे.

"चालेल ना गो?" काकींनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

तलासरीच्या नाक्यावर एक झेरॉक्सवाला ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. त्याने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. "मॅडम, मी तत्काळमध्ये टाकतो, पण तिकडे काय बोलतील, देव जाणे." काकींनी त्याच्या कॉम्प्युटरला लावायला डबी काढली होती. मी त्यांचा हात धरला.

ठाण्याला पासपोर्ट केंद्रात गेलो. काकी घडीचं लुगडं नेसून आल्या होत्या, हातात वनितासाठी चिकूच्या फोडी वाळवून भरलेली पिशवी. पासपोर्ट त्याच दिवशी हातात पडेल आणि तिथूनच विमानाला जायचं, अशी त्यांची कल्पना. मी दोनदा समजावलं होतं. तरी पिशवी आलीच.

खिडकीवरची मुलगी माझ्या विद्यार्थिनींहून फार मोठी नसेल. तिने पासपोर्ट उघडला, दिव्याखाली धरला, आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, कव्हरवर लावलं असतं तर समजलं असतं. फोटोवरच का लावलं?"

काकींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्या म्हणाल्या, "ती फोटोतली सवाष्ण हाय, बाय. तिचा नवरा जिवंत व्हता तेव्हाचा हाय तो. ह्या कपाळाला लावता येत नाय. वर्षातून एकदा त्या कपाळाला लावला तर कोण आडवणार?"

इतकी वर्षं मी एका छताखाली राहत होते आणि मला वाटायचं, काकी वस्तूंना कुंकू लावतात. त्या स्वतःलाही लावत होत्या.

मुलगी उठून आत साहेबांकडे गेली. साहेब स्वतः बाहेर आले. मी फोनवरचे इस्पितळाचे कागद दाखवले. त्यांनी ते नीट वाचले, काकींना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, चेहरा आणि नंबर ओळखू येत नसेल तर तो पासपोर्ट खराब झालेला धरावा लागतो, आणि अशा पासपोर्टाला तत्काळ लागू होत नाही. आधी पोलीस चौकशी, मग पासपोर्ट. "माझ्या हातात असतं तर आत्ता दिला असता, आजी," असं ते म्हणाले आणि ते खरं होतं. मला मात्र त्या क्षणी कुणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं. भांडायला समोर एक वाईट माणूस तरी हवा होता, तोही नव्हता.

साध्या अर्जासाठी काकींचा नवा फोटो काढला. पडद्यावर उमटलेला चेहरा त्यांनी वाकून पाहिला आणि म्हणाल्या, "ही दुसरीच बाई हाय." परतताना गाडीत त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. केळवे रोड स्टेशन गेल्यावर एकदाच बोलल्या. "मान दिला नसता तर बरा झाला असता काय गो?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

नंतरचे दिवस फोनकडे बघण्यात गेले. ऑपरेशन झालं. वनिता शुद्धीवर आली, आईला बघून हसली, "निघालीस का?" म्हणाली. काकी म्हणाल्या, "निघालेच." मग तिला ताप चढला. मग जावई फोनवर इकडचं तिकडचं बोलू लागले आणि वनिता पडद्यावर येईनाशी झाली. काकी कुणी न सांगता ओट्यावर येऊन बसायच्या, रस्त्यावर मोटारसायकल वाजली की "पोलीस आला काय?" म्हणून उठायच्या. एका सकाळी जावयांचा फोन आला. मला तो घ्यावाच लागला, आणि ओट्यापर्यंतची चार पावलं चालत जाऊन काकींना सांगावंच लागलं. पिशवीतल्या चिकूच्या फोडी त्यांनी सुपात ओतल्या आणि पुन्हा उन्हात ठेवल्या.

वनिताला जावयांनी झाईला आणलं. ती सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, हातात चुडा भरला. मळवट भरायची वेळ आली तेव्हा काकींनी कमरेची डबी काढली. त्या डबीचं झाकण अर्धं उघडलं होतं. एवढ्यात वनिताच्या सासरची एक म्हातारी मायेनेच म्हणाली, "ताराबेन, तुमी नको."

काकींनी झाकण लावलं. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. डबी माझ्या हातात दिली आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी वनिताच्या कपाळाला कुंकू लावलं. फोनच्या पडद्याबाहेर मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिची आई चार हातांवर उभी होती आणि हात माझा होता. लाज वाटली मला. त्या घराची, माझी, सगळ्यांचीच.

सुतक चालू असतानाच चौकशीचा हवालदार आला. ओट्यावर बसलेली माणसं बघून त्याने टोपी काढली. कळल्यावर तो बिचारा घुटमळला. "मग आता हे... राहू दे का, आजी?"

"नको. लिव तू," काकी म्हणाल्या. "इतक्या उन्हाचा आलास, रिकामा कशाला जातोस?" त्याने विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं. इथे किती वर्षं राहता, कुणाशी तंटा आहे का. शेजारी म्हणून मी सही केली. त्याला सरबत दिलं.

पासपोर्ट पुढे पोस्टाने आला. कोरा, करकरीत, आत मोकळ्या कपाळाची बाई. काकींनी तो तसाच खणात टाकला. लाल कापड नाही, कुंकू नाही. त्यानंतर त्या घरात नवा पंखा आला, मोटारीचा नवा स्टार्टर आला, पण कशालाही बोट लागलं नाही. व्यापाऱ्यालासुद्धा चैन पडेना. "माजी, काटाला लावा ने," म्हणून तोच आठवण करायचा. "तुझा काटा तू सांभाळ," असं म्हणून त्या वळायच्या. दिवाळीत त्यांनी लक्ष्मीपूजन केलं नाही. मी आग्रह करून पाहिला. "मना आता मागाचा काय हाय लक्ष्मीजवळ?" त्यांनी विचारलं, आणि मला माझाच आग्रह फार उथळ वाटला.

२०१९ मध्ये माझी बदली पालघरला झाली. टेम्पोत सामान चढत होतं. कपाट गेलं, शेगडी गेली, पुस्तकांची खोकी गेली, त्यांच्यावरचं जुनं कुंकू अजून होतं. काकी ओट्यावर खांबाला टेकून बघत होत्या. सगळं चढल्यावर मी पाया पडले आणि सवयीने डबीसाठी हात पुढे केला.

काकी आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या. डबी उघडी होती, आरसा नव्हता.

"वस्तूंना पुष्कळ लावला," त्या म्हणाल्या. "वनूला लावाचा राहिला."

मी कपाळ पुढे केलं. त्यांचं बोट माझ्या कपाळाला टेकलं, पण माणसाच्या कपाळाची सवय राहिली नव्हती, त्यामुळे कुंकू एका जागी न राहता भुवईपर्यंत पसरलं. ते पुसून नीट करायला त्यांनी पदर उचलला. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "राहू द्या, काकी."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. पालघर येईपर्यंत मी कपाळाला हात लावला नाही.