ढोल्याचं पोट

पुतळेवाल्या बाईंनी उभ्या हयातीत पुढारीच घडवले. धंदा मूळचा सासऱ्यांचा. कोट घातलेल्या धडाचा एकच साचा ते मागे ठेवून गेले होते. मागणी आली की बाई त्यावर नवं डोकं बसवायच्या. ओतकाम नवरा करायचा. तो म्हणायचा, "डोकं कुणाचंही असू दे, धड कधी तक्रार करत नाही."

त्यामुळे नगरपालिकेनं बागेसाठी ढोल्या अस्वलाचा पुतळा मागितला, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. ढोल्या म्हणजे गावातल्या प्रत्येकानं लहानपणी वाचलेल्या गोष्टीतला आळशी, खादाड मधचोर. बाईंनी जीव ओतून माती थापली. ढोल्या उताणा झोपलेला, पोट टेकडीएवढं, काखेत मधाचं मडकं.

समिती पाहायला आली.

"झोपलेला?" शिक्षणाधिकारी दचकले. "मुलांनी आदर्श काय घ्यायचा?"

ढोल्या उभा राहिला. चोरीचं मडकं जाऊन हातात पुस्तक आलं. आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाईंना पोट खटकलं, पोटही गेलं. शेवटी नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "अंगावर कपडा नाही याच्या. बागेत लेकीसुना येतात."

समितीची पाठ वळताच बाई नवऱ्याला म्हणाल्या, "काढा तो मामंजींचा कोटाचा साचा."

उद्घाटनाला पडदा ओढला आणि टाळ्या वाजता वाजता अडखळल्या. कडक कोट, हातात पुस्तक, ताठ मान आणि वर दोन गोल कान. पहिल्या रांगेतल्या नगराध्यक्षांच्या आईला गहिवरून आलं. "अगंबाई, आमचा बाळ! पण कान का गं एवढे मोठे केलेस?"

हशा मांडवात मावेना. बाई हसल्या नाहीत. कोटाकडे पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

पुतळा रातोरात हलवावा असं नगराध्यक्षांच्या मनात होतं. पण आई रोज त्याच्यासमोर जाऊन बसू लागली. म्हणायची, "घरातल्यापेक्षा हा बरा. बोलताना मधेच उठून तरी जात नाही."

मुलं मात्र त्या पुतळ्याकडे फिरकेनात. बाईंना चैन पडेना. त्यांनी कारखान्याच्या दारापुढे सिमेंटचा ढोल्या घडवला. झोपलेला, मडक्यासकट, पोट जरा जास्तच मोठं. सिमेंट वाळायचा अवकाश, शाळा सुटली की त्याच्यावर पोरांची झुंबड उडू लागली.

कुणीतरी चहाडी केली. अतिक्रमणवाले साहेब आले.

"विनापरवाना पुतळा?"

"पुतळा कुठला साहेब, बाकडं आहे ते," बाई म्हणाल्या. "बसून बघा की."

साहेब उन्हातान्हात वणवण करून आलेले. सावरून बसले, मग जरा रेलले, मग त्या पोटाच्या उतारावर पाठ टेकून हळूहळू आडवेच झाले. पोरं बघत उभी राहिली.

"बाकडंच आहे," साहेबांनी डोळे न उघडता निकाल दिला.