आधी आडोसा, मग रोवणी

केशोरीकडे धानाची रोवणी करणाऱ्या बायांची एक टोळी आहे. तिची म्होरकी मजुरीच्या आधी आडोशाचं बोलते. चार बांबू आणि कापड लावा, नाहीतर लघवीच्या धाकाने बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, असं तिचं म्हणणं. बोलताना ती हात लुगड्याला पुसत राहते, समोरच्याकडे बघत नाही. मी घासाघीस करूनच वर आलोय. गेल्या वर्षी ही टोळी माझ्या शेतात रोवणीला आली, तेव्हा मी आडोसा टाळला, नुसती पाण्याची कॅन ठेवली.

तिसऱ्या दिवशी टोळीतली एक तरणी बाई कुडकुडत बांधावर बसली. लघवीला जळजळ तिला दोन दिवसांपासून होती.

"धण्याचं पाणी पाज," मी म्होरकीला म्हणालो. "एवढी बांधी रोवून होऊ दे."

"पाणी पाजूनही जळजळ थांबली नाही, तवाच न्याले पाहिजे होतं. ते माझं चुकलं. आता तिले ताप आला, पाठ दुखून राहिली. आता थांबाचं नाही, भाऊ. गाडीची चाबी द्या."

"अन् रोवणी?"

"रोवणी उद्या होते. काऊन बसले? उठा!"

मी चाबी दिली. तिच्यामागे सगळी टोळी बांधीबाहेर आली. डॉक्टरने त्या बाईला भरती करून घेतलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते. ती वाचली. रोवणी मात्र खोळंबली, आणि माझे उपटून ठेवलेले पऱ्हे, धानाची रोपं, पिवळी पडली. तो राग अजून आहे.

यंदा रोवणीसाठी मी त्या म्होरकीलाच निरोप धाडला.

"आडोसा?" तिने विचारलं.

"बांधला."

"पाहून सांगतो," म्हणाली, आणि खरंच पाहायला आली.