दिवेलागणीनंतरचं नाव

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. आमच्या खेड्यापासून दीड कोसावर, जंगल तोडून उभ्या केलेल्या एका कागद कारखान्यात मी फिटर होतो. नवं यंत्र जर्मनीहून आलं होतं आणि ते शिकायला दोघांना तिकडे पाठवणार होते. त्यासाठी जर्मन इंजिनिअरच्या बायकोनं आम्हा चौघांची शिकवणी घेतली. आकडे, हत्यारांची नावं, रामराम-नमस्कार हे पहिल्या वर्षी उरकलं. दुसऱ्या वर्षी मॅडम म्हणाल्या, आता पाठांतर बंद, मनातलं बोला. माझी तर पाचावर धारण बसली. मनातलं मी मराठीतही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शिकवणी पाळी सुटल्यावर, बंगल्याच्या व्हरांड्यात चाले. थंडीत सूर्य लवकर बुडायचा आणि माझं सारं लक्ष कुंपणापलीकडे. घरी जाताना एक नाला लागे. त्या आठवड्यात नाल्याच्या रेतीत ताजे पंजे उमटले होते. बाकीचे तिघे कारखान्याच्या कॉलनीत राहायचे. त्यांचं काय जात होतं!

निवडीच्या दिवशी मॅडमनी विषय दिला : तुमची सर्वांत मोठी भीती. मी बाबांचं सांगायला लागलो. मी लहान असताना ते बांबू तोडायला गेले आणि परत आले नाहीत. अडखळत का होईना, वाक्यं जुळत होती.

"त्यानं नेलं त्यांना," मी म्हणालो.

"कुणी?" मॅडमनी विचारलं.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर तो ऐकतो, आणि ज्यानं शेवटी नाव घेतलं त्याच्या मागावर येतो. बाबा गेल्यापासून मायनं तर दिवसाढवळ्याही ते तोंडातून काढलं नव्हतं.

"त्या मोठ्यानं," मी म्हणालो.

"मोठा कोण? माणूस?"

मला शब्द येत नाही, असंच त्यांना वाटलं असणार. शब्द पहिल्या वर्षापासून येत होता. जर्मनमध्ये घेतलेलं नाव त्याला कळेल का, असाही विचार करून पाहिला. पण ज्याला मराठी कळतं त्याला जर्मन कळणार नाही कशावरून? बाहेर काळोख दाटला होता.

"शेवटचं विचारते. कुणी?"

मी नाव घेतलं.

मॅडमचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की जाणाऱ्या दोघांत मी आहे. आनंद व्हायला माझ्यात जागाच नव्हती.

सायकल जीव खाऊन हाणली. नाल्यात उतरून ती ढकलावी लागे. मागं पाला वाजला. वळून पाहायची हिंमत झाली नाही. पलीकडच्या काठावर कंदील दिसला. माय उभी होती.

"मिळालं काय रे जाणं?"

"मिळालं."

"मंग असा काऊन कापून राह्यला?"

"माय, मी त्याचं नाव घेतलं. अंधार पडल्यावर."

मायनं कंदील माझ्या हातात दिला, ती पाण्यापर्यंत खाली उतरली आणि जंगलाकडे तोंड करून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "वाघ!"

मग पदर सावरत वर आली.

"आता तो माह्या मांगं येईन," ती म्हणाली. "तू जाय बिनघोर."