माझ्या नावाने दिलेली उत्तरं

माझा पुतण्या देवेश स्वस्थ बसलेला कुणी पाहिलाय? मी तरी नाही. मालवणजवळच्या आमच्या गावात मी पर्यटकांना खोल्या देते आणि शेजारच्या घरात हा वेबसाइटी बनवतो. आमची बोली मालवणी. तुम्हाला कळावं म्हणून पुस्तकी मराठीत सांगते, पण राग आला की घसरेन.

हे काम त्याला कुणी शिकवलं नाही. बारावीनंतर मालवणात एका सायबर कॅफेत झेरॉक्स काढायला राहिला होता. गिऱ्हाईक नसलं की दुसऱ्यांच्या वेबसाइटी उघडायचा, त्यांच्या मागचा कोड बघायचा, त्यात बदल केला की काय मोडतं ते पाहायचा. मोडून मोडूनच शिकला मेला. पहिली साइट माझ्या खोल्यांची केली. वर माझं नाव लाल अक्षरात लुकलुकायचं आणि खालून डॉल्फिन पोहत जायचा. मला भारी आवडलेली.

मग लोक मोबाइलवर बघायला लागले आणि डॉल्फिन खोलीच्या फोटोवर चढून बसला. देवेशने सगळं पुसून नव्याने लिहिलं. ते जमतंय तोवर तयार साचे आले, जो तो घरबसल्या साइट करायला लागला. मग बुकिंगची अ‍ॅपं आली आणि शेजारच्या देवबागचे होमस्टेवाले म्हणाले, बाबा, आता साइट कशाला? हा शिकून होईतो शिकलेलं जुनं व्हायचं. पायाला भिंगरी लागल्यासारखा अंगणात फेऱ्या मारायचा. जेवतानाही उजव्या हातात मोबाइल आणि डाव्या हाताने घास. "मेल्या, भात तरी उजव्या हातान खा," म्हणून मी रोज करवादायचे.

शेवटी गिऱ्हाईक म्हणून मी एकटी उरले. "काकी, ह्या चालला नाय तर मी गोव्याक हॉटेलात कामाक जातलंय," एक दिवस म्हणाला. ह्या म्हणजे काय, तर पर्यटकांना व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या नावाने उत्तरं देणारं एआयचं यंत्र. रस्ता कुठून, मासे कुठले, सगळं त्याने त्यात भरलं होतं. मला पटत नव्हतं. माझ्या खोल्या माझ्या शब्दावर चालतात, दुसरी पुंजी काय आहे माझ्याकडे? पण त्याचं उतरलेलं तोंड बघवेना. हो म्हटलं.

डिसेंबरात देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली. काही वर्षांनी येते ती. सगळा गाव घरं बंद करून, गुरं-कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर खोपटी बांधून राहतो. गावात चूल पेटत नाही. मला ठाऊक असलेली बुकिंगं मी फोन करून रद्द केली. यंत्राने घेतलेलं एक बघायचं देवेश विसरला, कारण त्या आठवड्यात तो त्याहूनही नवं काहीतरी शिकत होता. शिरा पडो त्या शिकण्यावर.

पहिल्याच दुपारी गावच्या वाटेवरल्या माझ्या खोपटासमोर कोल्हापूरची गाडी थांबली. मुलगा उतरला, मागून काठी टेकत त्याची आई. मी सुभद्रा म्हणताच म्हातारीने मला मिठीच मारली. "रोज माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत हो तुम्ही. घरात कोण विचारतं? तुम्हाला भेटायला म्हणून हट्टाने आले."

तिने मोबाइल पुढे केला. माझ्या नावाने लिहिलेलं वाचलं. इतकं गोड मी जन्मात कुणाशी बोलले नव्हते. देवेश खोपटामागे सरकत होता.

गप्प बसले असते तर सगळ्यांचं भागलं असतं. देवेशचं यंत्र चाललं होतं, त्याला गोव्याला जायला नको. पण माझ्या नावावर दुसरंच कुणी बोलावं हे मला सोसवेना. "आक्का, ती मी नव्हते," मी म्हटलं, आणि देवेशला दंडाला धरून पुढे ओढला. "सांग तेंका."

त्याने अडखळत सांगितलं. म्हातारी तिथल्या सामानाच्या पेटीवर टेकली. "म्हणजे विचारणारं कुणीच नव्हतं?" तिने विचारलं.

मी त्यांना माघारी जाऊ दिलं नाही. गावपळण संपेपर्यंत म्हातारी माझ्या खोपटात राहिली, मुलगा गाडीत झोपायचा. मी तिला पेज वाढली, गुडघ्यांना तेल चोळलं, तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकली. वाटलं, भरून काढलं.

निघताना तिने देवेशला बाजूला घेतलं, पण मला ऐकू आलं. "ते बंद करू नकोस हं. तुझी काकी गुणाची आहे, पण ती तरी माझं किती ऐकेल?"

ही गोष्ट गावभर झाली. आता देवबागचे तेच होमस्टेवाले असलंच यंत्र करून दे म्हणून देवेशच्या मागे लागलेत. गोवा टळला. तरी हा अंगणात फेऱ्या मारतोच. "काकी, चालला ता बरा झाला काय गो?" असं विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. उत्तरांच्या वर त्याने 'मी यंत्र आहे' एवढं ठळक लिहिलंय. कुणी वाचतं की नाही देव जाणे.

मी मात्र आक्कांना रोज फोन लावते. त्या उचलतात, बरी आहे म्हणतात, आणि मी गुडघ्यांचं विचारेपर्यंत म्हणतात, "ठेवते हं सुभद्रा, तिकडे उत्तर आलंय."