साकवाबद्दल वाडी खूश हाय

पंचायतीच्या कारकुनानं माझ्या हातात मोबाईल दिला. "अक्का, घरोघर जायचं. पाणी, दिवे, रस्ता, साकव, सगळ्याबद्दल लोक खूश हायत का ते विचारायचं. हसरं तोंड न्हाईतर रडकं तोंड, घरच्या माणसानं स्वतःच्या बोटानं दाबायचं आणि त्याचा फोटो काढायचा." मला हसूच आलं. साकवाला आमची वाडी रडकं तोंड दाबून दाबून मोबाईल फोडंल, असं वाटलं.

कुंभारवाडा गावापासून आत, ओढ्यापलीकडं आमची वाडी. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, न्हाई; दोन ओंडके टाकतो, ते पहिल्या पुरात जातात. म्हणून पावसाचे चार महिने माझी आठ वर्षांची लेक शाळेजवळ नणंदेकडं राहते. यंदा साकव होणार, तुला जावं लागणार न्हाई, असं मी तिला सांगून बसले होते. वाडीची नाराजी वर पोचली तर साकव मिळंल, म्हणून तर हे तात्पुरतं काम घेतलं.

आमच्याकडं बाहेरचं काही आलं की आधी बुधवंत, म्हणजे वाडीचा वडीलधारा, बोलणार, मग बाकीचे. पहिलं त्याचंच घर गाठलं. म्हाताऱ्यानं गूळ-पाणी दिलं, साकवाचा प्रश्न ऐकला आणि खुशाल हसरं तोंड दाबलं.

"आजा, असं काय करताय! परवा पंचायतीला शिव्या घालत होता की!"

"आजबी घालीन. पण दारात तू आलीस. वाईट लिवलं तर साहेब इचारणार, कोण गेली होती? आमच्या सुनेची नोकरी आमीच घालवायची काय?"

"अवो, हे माझ्याबद्दल न्हाई!" मी कपाळ बडवून घेतलं.

"व्हय व्हय, समजतंय आमाला," म्हणून तो हसला.

झालं! बुधवंतानं हसरं दाबल्यावर दुसऱ्याची काय बिशाद! घराघरात तेच. मी समजावलं, हात जोडले, एकीवर तर खेकसलेच. ती म्हणाली, "वैनी, रागावू नका. तुमचं वाईट आमच्या हातनं व्हायचं न्हाई." एवढी माया! कुणाला शिव्या द्यायच्या तेही कळंना.

शेवटचं घर आमचं. नवरा गोव्यात कामाला, म्हणजे बोट माझंच. चुलीपुढून आत्ती, माझी सासू, म्हणाली, "एकटीनं रडकं दाबलंस तर बुधवंताला खोटं पाडल्यागत होतंय. राहायचं हाय न्हवं हितंच?" मी बोट वर धरून उभी. खरं सांगते, नोकरी कायम होईल हा विचारही मनात आला. दाबलं हसरं.

महिन्याभरानं पंचायतीत मंजूर कामांची यादी लागली. साकव दुसऱ्याच वाडीला. मी तरातरा कारकुनाकडं गेले. "पावसात ओढा कमरेच्या वर चढतोय, लहान पोरं हायत. डोळे फुटले काय तुमचे?"

त्यानं आवाजही चढवला न्हाई. "अक्का, तुमच्या वाडीतलं एक नाराज घर दाखवा." मग त्यानं आमचंच घर उघडलं. हसऱ्या तोंडाखाली माझा फोटो. "आता मी वर काय कळवू?"

मी मागं फिरले. तशीच घरी आले.

मे सरला. लेकीला नणंदेकडं सोडायला निघाले तेव्हा ती म्हणाली, "आई, ह्या वर्षी जायचं न्हाई म्हणाली होतीस."

"साहेबांनी साकव दिला न्हाई गं."

"साहेब लई वाईट हाय न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय."